मे महिन्याचं पाणी कोण घालणार? शाळेची परसबाग पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी आमच्या शाळेची परसबाग मार्च अखेरपर्यंत हिरवीगार होती. वाफे आखले होते, मंडपावर दुधी लोंबत होते, पाहुणे येऊन कौतुक करून गेले होते. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. १५ जूनला शाळा उघडली तेव्हा चार पपया, दोन शेवगे आणि कढीपत्ता यांच्या काटक्या झाल्या होत्या. तिसरीतली एक मुलगी पपईच्या वाळलेल्या खोडाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. ते रोप तिने घरी दह्याच्या रिकाम्या डब्यात वाढवून आणलं होतं.

त्या दिवसापासून परसबागेबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारते: मे महिन्यात पाणी कोण घालणार? याचं उत्तर नावानिशी मिळाल्याशिवाय जूनमध्ये बी टाकू नका. बाकी सगळं शिकता येतं आणि चुकलं तर सुधारता येतं. पण सुट्टीत बागेला वाली नसेल तर वर्षभराची मेहनत चाळीस दिवसांत जाते. तो वाली गावातूनच मिळतो, म्हणून या लेखात मातीच्या आधी माणसं आली आहेत.

माझी शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. पट ४०. पाऊस कमी, जमीन मुरमाड. इथे जे जमलं ते पाण्याच्या गावांत नक्की जमेल. कोकणातल्या आणि विदर्भातल्या वाचकांनी महिने आणि पिकं आपल्याकडच्या हिशोबाने थोडी मागेपुढे करून घ्यावीत.

आधी बैठक, मग कुदळ

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. परसबागेचा विषय तिथेच मांडा आणि ठराव करून घ्या. ठराव कोरडा वाटतो, पण मुख्याध्यापकांची बदली झाली की बाग वाचवणारा तोच कागद असतो.

बैठकीत वर्गणी मागू नका. पैशाचं नाव निघालं की निम्मी माणसं गप्प होतात, कारण हातात पैसा नसतो आणि तसं सांगायची लाज वाटते. त्याऐवजी फळ्यावर रकाने आखा: पाणी, शेणखत, लेंडीखत, काठ्या-बांबू, जुन्या साड्या, बी, अवजारं, वेळ. मग विचारा, यातलं कोणाकडे काय आहे? आमच्या बैठकीत ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही अशा एका मेंढपाळ आबांनी पहिला हात वर केला. "लेंडी खत किती पायजे ते सांगा बाई, तळ शाळेमागंच बसवतो." त्या वर्षी मेंढ्या दोन रात्री शाळेच्या मोकळ्या जागेत बसल्या. गावातल्या कोणत्याही देणगीपेक्षा ते खत मोठं होतं.

या बैठकीला चार माणसं हवीतच.

पहिली म्हणजे शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. बागेतली भाजी त्यांच्या पातेल्यात जाणार आहे. मुलं काय खातात आणि काय ताटात सोडतात ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. आम्ही हौसेने कारल्याचे चार वेल लावणार होतो, तेव्हा ताई म्हणाल्या, "बाई, कारलं पोरं खात न्हाईत. चवळीच्या शेंगा लावा, आमटीत घालते." चवळी लावली. शेंगा पुरल्या नाहीत इतकी खपली.

दुसरी म्हणजे गावातली एखादी जुनी, जाणती आजी. बियांसाठी. तिच्याबद्दल पुढे येतेच.

तिसरा शाळेच्या सगळ्यांत जवळ राहणारा माणूस. सुट्टीत शेळी आत शिरली तर हाकलायला तोच पोचतो.

चौथे कृषी सहायक, म्हणजे आताचे सहायक कृषी अधिकारी. माती, रोग, रोपं याबद्दल त्यांना विचारा. जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र असेल तर तिथूनही भाजीपाल्याची चांगली रोपं आणि सल्ला मिळतो. सरपंचांना बोलवायचं असतंच. पण कुंपण, पाण्याची टाकी, नळजोड अशी मोठी कामं हवी असतील तर तोंडी आश्वासनावर थांबू नका. ग्रामसभेत विषय मांडून तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालून घ्या.

पाण्याचा हिशोब, मुलांकडूनच

हे काम पाचवीच्या मुलांना द्या, गणिताच्या तासाला. आमचा वाफा १० फूट लांब आणि ३ फूट रुंद. रुंदी ३ फुटांपेक्षा जास्त नको, कारण मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय पडता कामा नये. अशा एका वाफ्याला हिवाळ्यात रोज साधारण एक घागर पाणी लागतं, म्हणजे १२ ते १५ लिटर. उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. सहा वाफे असतील तर हिवाळ्यात रोज ८० लिटरच्या आसपास.

आता पाणी येतं कुठून ते मोजा. जेवणानंतर एक मूल हात आणि ताट धुवायला दोनेक लिटर पाणी वापरतं. ४० मुलं म्हणजे ८० लिटर. हे पाणी आजवर अंगणात चिखल करत होतं. आम्ही ओट्यापासून एक नाली काढली, तोंडाशी खरकटं अडवायला जाळी लावली आणि पाणी केळी, पपई, शेवगा आणि अळूकडे वळवलं. साबणाचं, खरकट्याचं पाणी पालेभाजीच्या वाफ्यांत सोडू नका. वाफ्यांना स्वच्छ पाणीच हवं. शाळा सुटताना मुलांच्या बाटल्यांत उरलेलं पाणीही एका पिंपात ओतून घ्या. तेही थोडं थोडं करत जमतं.

छपरावरच्या पावसाचं गणित मुलांना फार आवडतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. छप्पर १०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर ५० हजार लिटर होतात. थोडं वाया गेलं तरी ४० हजार लिटर पाणी पन्हाळीतून खाली येतं. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा चौथीतला एक मुलगा उठून खिडकीतून छपराकडे बघत राहिला. टाकी नसली तरी ते पाणी पन्हाळीला पाईप लावून झाडांजवळच्या चरात मुरवता येतं.

या हिशोबात एक मोठी फट आहे आणि पहिल्या वर्षी ती आमच्या लक्षात आली नाही. हात धुण्याचं पाणी असो की बाटल्यांतलं, ते मुलांबरोबर शाळेत येतं आणि मुलांबरोबरच सुट्टीवर जातं. नेमकं तेव्हाच ऊन सगळ्यांत कडक असतं.

जागा

दिवसातून निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडा. मुलांना सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना इमारतीच्या सावलीच्या कडेने चुन्याची रेघ मारायला सांगा, म्हणजे जागा आपोआप ठरते. स्वयंपाकघराजवळ असेल तर उत्तम. शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून लांब ठेवा. खेळाचं मैदान मात्र अजिबात कापू नका. कबड्डीची जागा गेली तर मुलं बागेवर राग काढतील, आणि तो राग रास्त असेल.

जागा लहान असली तरी चालते. पहिल्या वर्षी चार ते सहा वाफे आणि सात-आठ झाडं पुरे. पूर्ण गुंठा खणायला घेऊ नका.

शहरातल्या शाळांना जमीन नसते, तिथे गच्ची किंवा व्हरांडा आहे. जुने क्रेट, गोण्या, फुटके पिंप घ्या आणि रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं मागून आणा. चिपाडं, पालापाचोळा, शेणखत आणि थोडी माती असे थर दिले की वजन कमी राहतं आणि ओल टिकते. गच्चीवर चढवण्याआधी पाणी कुठे निथळणार आणि गच्ची किती वजन पेलेल ते जाणकाराकडून तपासून घ्या.

कुंपण

कुंपणाशिवाय पेरलेली बाग शेळ्यांच्या पोटात जाते. तारेच्या जाळीची वाट बघत बसू नका. आमच्याकडे बोराटी लावतात, म्हणजे बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या. मुलांचा वावर असतो म्हणून आम्ही बाहेरून बोराटी आणि आतून जुन्या साड्या बांधल्या. रानडुकरांसाठी शेतकरी बांधाला साड्या लावतात, तसंच. घरटी एक साडी मागितली तर एका दिवसात कुंपण उभं राहतं. मग "ही माझ्या आईची, ही आजीची" असं म्हणत मुलं कुंपणावरून हात फिरवत फिरतात. नंतर कडेने शेवगा आणि हादगा लावून जिवंत कुंपण वाढवत न्या.

माती आणि खत

मुरमाड जागा असेल तर फूटभर खणून दगड वेचा. हे काम मोठ्यांचं आहे. गावातल्या तरुण मंडळाला एक रविवार द्या आणि दुपारी सगळ्यांना पिठलं-भाकरी घाला. खणलेल्या वाफ्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा लेंडीखत मिसळा, प्रत्येक वाफ्याला तीन-चार घमेली. कच्चं शेण टाकू नका, त्याने मुळं खाणारी हुमणी अळी येते आणि रोपं पिवळी पडतात.

शाळेच्या आवारातला पालापाचोळा जाळणं त्याच दिवशी बंद करा. ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच असा विटांचा किंवा बांबूचा हौद करा. त्यात पाला, भाजीची देठं, शेणकाला आणि मूठभर माती असे थर द्या. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवा आणि पंधरा दिवसांनी वर-खाली करा. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत मिळतं. शिजलेलं अन्न हौदात नको, उंदीर येतात.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत, करायचं असेल तर नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचं प्रमाण छोटं करून घ्या: २० लिटर पाण्यात एक किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. पाला खाण्याच्या भाज्यांना ते मुळाशी द्या, पानांवर टाकू नका. हाताळल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं ठेवा.

काय लावायचं आणि कधी

जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी, दोडका, दुधी, काकडी, माठ आणि अंबाडी. दिवाळीच्या आगेमागे मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वांगी, टोमॅटो आणि घेवडा. कायमची झाडं म्हणजे शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू, केळ आणि हादगा. सांडपाण्याच्या कडेला अळू.

पहिलं पीक पटकन हाती येणारं घ्या. मुलांचा धीर तेवढाच असतो. माठ आणि मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येतात, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, भेंडी साधारण दीड महिन्यात. टोमॅटो-वांग्याची रोपं आधी २५-३० दिवस तरव्यात, म्हणजे रोपांच्या छोट्या वाफ्यात, वाढवावी लागतात, म्हणून ती दुसऱ्या हंगामाला.

मेथीच्या एका वाफ्याला दोन चमचे बी पुरतं. मुलं ते मूठभर टाकतात. बी दुप्पट-तिप्पट बारीक मातीत मिसळून त्यांच्या हाती दिलं तर सारखं पडतं. धणे पेरण्याआधी चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायचे. भेंडी आणि गवार फूट-फूट अंतरावर टोकायची. सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नका. दर दहा दिवसांनी एक पेरला तर भाजी येत राहते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण भाषणांत ती कोणी सांगत नाही. पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम. आमच्या ४० मुलांना रोज दोन किलो लागते. मेथीच्या आमच्या एका वाफ्यातून निघते जेमतेम दोन किलो. म्हणजे एक वाफा, एक दिवस. परसबाग शाळेची सगळी भाजी पुरवेल अशी आशा दाखवून सुरुवात केली तर दोन महिन्यांत सगळे निराश होतात. बागेतून आठवड्यातून दोन दिवस ताजी भाजी मिळाली तरी पुष्कळ. वजन भरतं ते वेलांनी आणि झाडांनी. दुधीचा एक वेल आठ-दहा फळं सहज देतो आणि शेवग्याचा पाला तर वर्षभर. आमच्या ताई शेवग्याचा कोवळा पाला वरणात घालतात. जी मुलं शेवग्याची भाजी बाजूला सारतात ती हे वरण मागून घेतात.

वर्ग बाहेर न्यायचा कसा

बाग ही कामाची जागा झाली की मुलं थकतात. ती वर्गाची जागा झाली पाहिजे. हा विचार आपल्याकडे जुना आहे. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हाताचं काम हाच शिक्षणाचा कणा धरला होता. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत आणि आपल्या शाळांत आनंददायी शनिवार असतो. वेळ काढायला आधार हवा असेल तर हा आहे.

बाहेर नेताना एका वेळी एकच काम आणि एकच प्रश्न द्या. "चला, बागेत जाऊ" म्हणून ४० मुलं सोडली तर गोंधळ होतो आणि रोपं तुडवली जातात. पाच-पाचांचे गट करा, प्रत्येकाला एक वाफा नेमून द्या.

पेरण्याआधी उगवण चाचणी घ्या. ओल्या फडक्यात २० बिया गुंडाळून ठेवायच्या. चार-पाच दिवसांनी १६ उगवल्या तर उगवण ८० टक्के. शेकडेवारी शिकवायला याहून चांगला धडा मला अजून सापडलेला नाही. वाफ्याची परिमिती, क्षेत्रफळ, रोपाच्या उंचीचा आलेख, काढलेल्या भाजीचं वजन हे सगळं वहीत येतं. दुसरीतल्या मुलांना एका पानाकडे पाच मिनिटं बघून पाच वाक्यं लिहायला सांगा. "भेंडीच्या फुलाच्या पोटात जांभळा डोळा आहे" हे वाक्य पुस्तकातून कधी आलं नसतं.

आणि कढीपत्ता. त्याच्यावर आमचं एक पूर्ण सत्र गेलं. पानांवर पाखराची विष्ठा पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसले. एक मुलगा ते काडीने झटकायला निघाला तेवढ्यात ठिपका हलला. ती अळी होती. आठवडाभरात त्या अळ्या पानांसारख्या हिरव्या झाल्या, आणि हात लावला की डोक्यातून दोन शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडू लागल्या. पानं भराभर संपत होती. ताई वैतागल्या, त्यांना फोडणीला कढीपत्ता हवा होता. मग मुलांनी सभा घेतली आणि ठरवलं: मोठं झाड ताईंचं, कोपऱ्यातलं छोटं झाड अळ्यांचं. मोठ्या झाडावरच्या अळ्या पानासकट उचलून छोट्यावर नेल्या. एका शनिवारी सकाळी कोष फुटला आणि ओल्या पंखांचं काळं फुलपाखरू फांदीला लटकलेलं सापडलं. पंख वाळेपर्यंत कोणी हललं नाही. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं नीलवंत याच कुळातलं, लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणारं, हे मी त्यानंतर सांगितलं. तोवर परिसर अभ्यासाचा तो पाठ त्यांचा पाठ झालेला होता.

एक नियम मी फार कडक ठेवला आहे: बागेतलं काम शिक्षा म्हणून कधीही द्यायचं नाही. गृहपाठ केला नाही म्हणून खुरपायला पाठवलेलं मूल जन्मभर खुरप्याचा तिरस्कार करेल. दुसरं म्हणजे पाणी भरणं आणि झाडणं मुलींकडे, मोजमाप आणि अवजारं मुलांकडे अशी वाटणी नकळत होते. भिंतीवर पाळीचा तक्ता लावा आणि दर आठवड्याला कामं फिरवा. कोणत्या वस्तीतल्या मुलाने काय उचलायचं, हा प्रश्न त्या तक्त्याने मनातही येऊ देता कामा नये.

कीड आणि सुरक्षितता

शाळेच्या बागेत रासायनिक कीटकनाशक नको, त्याचा डबाही आवारात नको. मावा-तुडतुड्यांसाठी निंबोळी अर्क पुरतो. जूनमध्ये मुलांना कडुनिंबाच्या निंबोळ्या वेचायला लावा आणि त्या सावलीत वाळवून ठेवा. लागतील तेव्हा ५० ग्रॅम बारीक कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारायचं. फवारणी मोठ्यांनी करावी. भाजी काढण्याआधी दोन-तीन दिवस थांबा आणि धुऊनच वापरा.

आवारात मोगली एरंड, साधा एरंड, पिवळी कण्हेर किंवा धोतरा असेल तर मुळासकट काढा. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि त्या खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. गाजर गवत उघड्या हाताने उपटू देऊ नका, अंगाला खाज सुटते. पाल्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघायची सवय लावा, कारण तिथे विंचू-साप असू शकतात. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक बागेजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. चौथीपर्यंतच्या मुलांच्या हाती फक्त छोटं खुरपं आणि झारी. झारी नसेल तर बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडली की झालं.

भाजी निघाली की

एक साधी वही ठेवा: तारीख, भाजी, वजन, कुठे गेली. वजन मुलांनी करायचं. भाजी ताईंच्या हाती देऊन त्यांची सही घ्यायची. गावात एखादं कुजबुजणारं तोंड असतंच, "भाजी जाते कुठं?" म्हणून. वही दाखवली की प्रश्न मिटतो. सुट्टीत निघालेली भाजी पाणी घालणाऱ्यांची, हेही ठरावात आधीच लिहून ठेवा. ज्याचे हात राबले त्याच्या घरी भाजी गेली की माणूस पुढच्या वर्षीही येतो.

बी राखणं

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणांची बियाणी जपली, म्हणून २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि लोक त्यांना बीजमाता म्हणतात. मुलांना त्यांच्याबद्दल सांगा आणि मग आपल्या गावातली अशी आजी शोधा. प्रत्येक गावात एक असतेच.

आमच्या आजी शाळेत आल्या त्या पदराच्या गाठीत घेवड्याचं बी बांधून. मुलांपुढे मांडी घालून बसल्या आणि बिया परातीत ओतल्या. पांढऱ्या बीवर तांबडा डाग. "हे माझ्या सासूनं दिल्यालं. निब्बर शेंग वेलावरच वाळू द्यायची, पहिल्या तोड्याची न्हाई, मधल्या तोड्याची. मग राख लावून गाडग्यात." हाताने कृती करत त्यांनी राख चोळून दाखवली. मुलांनी ते वहीत उतरवलं, परातीतल्या बिया मोजल्या. ८६ निघाल्या.

बाजारातलं संकरित बी पुन्हा पेरलं तर पुढचं पीक तसंच येत नाही, म्हणून राखायचं बी गावरान वाणाचंच. प्रत्येक पिकाच्या एका-दोन जोमदार झाडांना लाल चिंधी बांधा, म्हणजे त्यांची शेंग किंवा फळ कोणी तोडणार नाही. बरणीवर वाण, कोणाकडून आलं आणि कोणत्या वर्षी राखलं ते लिहा. मुलाच्या हातात त्याच्याच आजीचं नाव लिहिलेली बरणी असते तेव्हा तो ती फार जपून धरतो.

आता मे महिना

हा टप्पा मार्चमध्येच सुरू करा. पहिली गोष्ट, बाग लहान करा. फेब्रुवारीनंतर नवे वाफे पेरू नका. रिकाम्या वाफ्यांवर वीतभर पालापाचोळा अंथरा आणि त्यांना विश्रांती द्या. मे महिन्यात फक्त झाडं जगवायची असतात. एवढा एक निर्णय घेतला की रोजच्या दीडशे लिटर पाण्याची गरज एकदम खाली येते.

आमची आठ झाडं. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर म्हणजे आठवड्याला १६० लिटर. पाच घरांत वाटलं तर घरटी तीन घागरी. दुष्काळी गावातही पाच घरं तेवढं देतात, मात्र त्यांना आकडा सांगावा लागतो. "सुट्टीत जरा बागेकडे बघा" असं म्हटलं की कोणीच बघत नाही. "तुमच्याकडे मंगळवार, तीन घागरी, शेवगा आणि लिंबू" असं म्हटलं की माणूस येतो.

पाणी टिकावं म्हणून प्रत्येक झाडाच्या आळ्यात एक कच्चं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा. बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात ओढा, पाणी भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं. वर पाल्याचं आच्छादन. आमच्या गावच्या कुंभारकाकांनी तडा गेलेली आठ मडकी फुकट दिली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाच घरांच्या माणसांना शाळेत बोलवा. कोणतं झाड कोणाचं ते मुलांनी त्यांना हात धरून दाखवायचं. तक्ता फाटकाला लावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. फाटकाची एक किल्ली शेजारच्या घरी ठेवा. गावाबाहेर न जाणाऱ्या दोन मुलांना शनिवारची फेरी द्या: मडकी भरली आहेत का, कुंपण कुठे पडलंय का, एवढंच बघायचं. उसाला किंवा वीटभट्टीला गेलेल्या पालकांची घरं या यादीत धरू नका, ती मे अखेरीस परततील याची खात्री नसते.

दुसऱ्या वर्षी १५ जूनला मी शाळेत पोचले तेव्हा तक्त्यावर सात आठवड्यांच्या खुणा होत्या. एका मंगळवारची खूण नव्हती आणि तिथे दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात लिहिलं होतं, "आजी आजारी, मी घातलं." आठांपैकी सात झाडं उभी होती. वाळलेला लिंबू मुलांनी उपटला आणि पहिल्या पावसानंतर त्याच आळ्यात नवं रोप लावलं.